चपड्याचा जोड

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं की, मिस्त्री, तुमच्या हातून झालेल्या नामांकित कामांबद्दल लिहा. मी दोन दिवस वही घेऊन बसलो. नामांकित कामं आठवली, नाही असं नाही, पण लिहायला घेतली की दीड ओळीत संपायची. गाडी आली, बरी झाली, गेली. बऱ्या झालेल्या गाडीत सांगण्यासारखं काय असणार? फसलेलं काम मात्र बोटांना अजून आठवतं. तेव्हा त्यातलंच एक सांगतो. वाचून कुणी मला दोष दिला तर तो मला मान्य आहे.

गोष्ट आपला जिल्हा हैदराबादेकडून मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीची. कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव असलेल्या आमच्या गावात मोटारी दुरुस्त करणारे आम्ही तिघेच होतो. माझं गॅरेज म्हणजे चार लाकडी खांब, वर पत्रा आणि मधे एक खड्डा. जहागिऱ्या गेल्या तशा जहागीरदारांच्या मोटारीही निघाल्या होत्या. ज्या मोटारीला हात लावायची पूर्वी कुणाची छाती नव्हती, ती मोंढ्यातला अडत्या कापसाच्या गाठीसारखी हात फिरवून, ठोकून बघायचा आणि घेऊन जायचा. घेतली की माझ्याकडं आणायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, हिच्यात धा मानसं बसली पायजेत."

मग आम्ही ती कापायचो. मागचा भाग दीड हात लांब करायचा, बाकडी टाकायची, वरचं कापडी छत काढून पत्रा ठोकायचा. इंजिनाचे भाग मिळायचे नाहीत. लढाई संपल्यावर लष्कराचा जो माल भंगारात निघाला होता त्यातून एखादा भाग आणायचा आणि बसवायचा. एकेका मोटारीच्या अंगावर तीन-तीन देशांचा माल असायचा.

इथं परक्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. बाटलीच्या झाकणाला आतून जसे आटे असतात तसे मोटारीतल्या प्रत्येक जोडाला असतात. पण इंग्रजी मालाचे आटे निराळे आणि अमेरिकन मालाचे निराळे. जाडी डोळ्यांना सारखीच दिसते, आट्यांची दाटी मात्र वेगळी. एकात दुसरा घातला की दोन फेरे लोण्यासारखे जातात आणि तिसऱ्याला अडतो. अडला की नवखा माणूस पान्यावर जोर देतो. पितळ मऊ, ते मुकाट्यानं सोलवटतं, आणि जोड घट्ट बसल्यासारखा दिसतो. पाण्याच्या नळीला असला जोड असेल तर फार तर चिखल होईल. पेट्रोलच्या नळीला असेल तर काय होईल हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट गाळणीची. त्या काळी पेट्रोल पुष्कळदा डब्यांतून आणि पिंपांतून यायचं, आणि त्यात गंज, माती, पाणी, कधी कधी मुंगळेसुद्धा असायचे. म्हणून टाकी आणि इंजिन यांच्यामधे काचेची एक वाटी बसवतात. तिच्यात बारीक तारेची जाळी असते. घाण वाटीत बसते, स्वच्छ पेट्रोल पुढं जातं. लोकांना या जाळीचा भारी राग. ईट गावचे एक पाटील होते, त्यांची मोटार दर आठ दिवसांनी बंद पडायची आणि दर वेळी जाळी तुंबलेली असायची. मी विचारलं, पेट्रोल गाळून घालता का? तर म्हणाले, "गाळतो म्हंजे? कोऱ्या धोतरातनं गाळतो!" कोऱ्या धोतराची सगळी लव माझ्या जाळीत येऊन बसत होती. जुनं, पन्नास वेळा धुतलेलं धोतर वापरा म्हणून सांगितलं, तर त्यांना तो अपमान वाटला आणि ते दुसऱ्या मिस्त्रीकडं जायला लागले.

आता मूळ गोष्ट. गुरुलिंगप्पा म्हणून तामलवाडीचे एक अडत दुकानदार धाराशिवात राहायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांनी अशीच एक जुनी लांबलचक अमेरिकन मोटार घेतली आणि येडशीच्या स्टेशनावरून धाराशिवपर्यंत आणि पुढं तुळजापूरपर्यंत उतारूंची ने-आण सुरू केली. चालवायला नागनाथ नावाचा ड्रायव्हर होता. हात चांगला, पण तोंडानं फटकळ आणि धीर कमी.

या मोटारीची मूळची पेट्रोल वर खेचायची व्यवस्था पार कुजलेली होती. मी ती काढून टाकली. इंजिन आणि बसणाऱ्यांचे पाय यांच्यामधे जी पत्र्याची भिंत असते, तिच्यावर उंच अशी चार गॅलनची छोटी टाकी बसवली. वर टाकी, खाली इंजिन, मधे तांब्याची नळी. पेट्रोल आपल्या वजनानंच खाली उतरणार, पंपाची भानगडच नको. टाकी इंग्रजी मालाची मिळाली, काचेची गाळणी लष्करी भंगारातली अमेरिकन. दोन्हींच्या मधे बसवायला मी पितळेचा एक जोड घडवला. एका तोंडाला इंग्रजी आटे पाडायचे, दुसऱ्या तोंडाला अमेरिकन.

इंग्रजी आटे पाडायचं हत्यार माझ्याकडं होतं. अमेरिकन नव्हतं. ते सोलापुरात मिळालं असतं, पण जाऊन यायला दोन दिवस गेले असते आणि तुळजापूरची गर्दी तोंडावर आली होती. आप्पा रोज सकाळ-संध्याकाळ येऊन उभे राहायचे. शेवटी मी दुसऱ्या तोंडालाही इंग्रजीच आटे पाडले, दोन फेरे सुखानं गेले, तिसऱ्याला पान्यानं दाबला. नवखे करतात म्हणून वर जे लिहिलं, ते मी सोळा वर्षांच्या अनुभवानंतर केलं. मात्र नवख्यापेक्षा एक गोष्ट मला जास्त येत होती. सुती दोरा चपड्यात भिजवून आट्यांवर गुंडाळला आणि मगच तो जोड दाबला.

चपडा म्हणजे लाख. सुतार लोक ती स्पिरिटमधे विरघळवून लाकडाला पॉलिश करतात. स्पिरिट उडून गेलं की लाख दगडासारखी कडक होते, आणि पेट्रोलचा तिच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. आमच्या भागात सगळेच मिस्त्री ही युक्ती वापरायचे. माझा तो जोड दोन वर्षं ठिपूसभर गळला नाही. मला त्याचा अभिमानच होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवायचो.

नागनाथाचं मात्र माझ्या गाळणीशी वाकडं होतं. जाळीनं पेट्रोल अडतं आणि चढाला मोटार धापा टाकते असं त्याचं म्हणणं. एकदा तर त्यानं जाळी काढून खिशात घातली आणि चार दिवस निव्वळ काचेच्या वाटीवर गाडी चालवली. मला कळल्यावर मी त्याला चारचौघांत झापला आणि जाळी परत बसवली.

आप्पांच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडं लग्नाची कापडखरेदी म्हणजे बस्ता, आणि बस्ता बांधायला सोलापूर. दोन्हीकडची माणसं, थोरल्या बायका, मानाच्या आत्या-मावश्या सगळ्यांना न्यावं लागतं. एकीला वगळलं तर लग्नात तिचं तोंड फुगलेलं राहतं. आप्पांच्या बायकोनं माझ्या बायकोलाही बोलावलं. अनसूयाचं माहेर सोलापूरचं, वडील हातमागावर लुगडी विणायचे, त्यामुळं सूत आणि रंग पारखण्यात तिला कुणी फसवू शकत नसे. सकाळी सातला मोटार निघाली. आप्पा, नागनाथ, माझी बायको आणि आणखी आठ जण, मिळून अकरा. ती मोटार येडशी-तुळजापूर सोडून कधी कुठं गेली नव्हती. मीच टायरला लाथ मारून म्हणालो, "जावा बिनघोर."

दुपारी बाराच्या सुमारास सोलापूरहून माल घेऊन आलेला हुसेनभाईंचा ट्रक माझ्या दारात आचके देत उभा राहिला. इंजिनात पेट्रोल उतू जात होतं. मी कार्ब्युरेटर उघडून बघितला. आतमधे पेट्रोलची पातळी धरायला बुचाचा एक तरंगा असतो. त्यानं पेट्रोल शोषू नये म्हणून त्यावर चपड्याचा हात दिलेला असतो. तो सगळा चपडा चिकट होऊन निघून आला होता, आणि बूच पेट्रोल पिऊन तळाला बसलं होतं.

मी म्हणालो, "हुसेनभाई, यात काय घातलंत तुम्ही?"

"म्या कशाला घालू?" हुसेनभाई म्हणाले. "वो सोलापूरचं पेट्रोल हाय मिस्त्री. तिकडं आता पेट्रोलात स्पिरिट मिळवून देतात म्हणे, साखर कारखान्याच्या मळीतनं काढलेलं. तिकडचे मिस्त्री निस्ते बोंब मारायलेत."

मी हसलो. तरंगा हातात घेऊन उलटसुलट केला. आणि मग माझं हसू जागच्या जागी राहिलं.

स्पिरिटमधे चपडा विरघळतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी स्वतःच्या हातानं विरघळवत होतो. तरीही मी हुसेनभाईंच्या टाकीतलं थोडं पेट्रोल वाटीत काढलं आणि कडक चपड्याचा एक तुकडा त्यात टाकला. थोड्या वेळानं बोटानं दाबला तर कडेनं मऊ झाला होता, गुळाच्या पाकासारखी तार धरत होता.

चार गॅलनची टाकी. धाराशिव ते सोलापूर जाण्यातच ती निम्म्याच्या खाली येणार. नागनाथ परतताना सोलापुरात टाकी भरणार. परतीच्या वाटेवर तुळजापूरचा घाट. अकरा माणसं आणि बस्त्याचं ओझं घेऊन चढताना इंजिन तापून लाल होणार. माझा जोड ज्या अंगाला होता, त्याच अंगाला खाली धूर जायची नळी होती. आणि टाकी उंचावर. इंजिन चालो की न चालो, जोड सुटला की पेट्रोल आपोआप खाली येत राहणार. ही युक्तीही माझीच.

फोन करावा तर कुणाला आणि कुठं? हुसेनभाईंना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझी गाडी चालू करा, परत सोलापूरच्या वाटेनंच जायचंय मला."

भंगारात एक पितळी तरंगा होता. तो कसाबसा वाकवून बसवेपर्यंत अडीच वाजले. पिशवीत पाने, शिशाचा तुकडा आणि हातोडी टाकली आणि निघालो.

त्या प्रवासात मी हुसेनभाईंशी काय बोललो ते आठवत नाही. एका शेतात कुणीतरी धसकटं जाळत होतं. तो धूर मला दोन मैलांवरून दिसला आणि ते दोन मैल मी डोळे मिटून घेतले. हुसेनभाईंनीच सांगितलं, "शेत हाय मिस्त्री, उघडा डोळे." मनात एकच हिशेब चालू होता. जोडातला चपडा विरघळून खाली जाणार, तर तो जाळीत अडकणार. शिवाय स्पिरिट टाकीतला जुना गंज आणि चिकटाही सोडवतं, तोही जाळीत येणार. जाळी तुंबली तर इंजिन बंद पडेल, थंड होईल. पण जाळी असेल तर. नागनाथानं ती पुन्हा खिशात घातली असेल तर काहीच अडणार नव्हतं, आणि मोटार घाट चढत राहणार होती.

तुळजापुरात चहाच्या हॉटेलापाशी विचारलं, आप्पांची लांबडी मोटार गेली का? हॉटेलवाला म्हणाला, "सकाळी खाली गेली. वर आल्याली न्हाय." म्हणजे घाटात किंवा घाटाच्या खाली.

घाट उतरताना मी ट्रकच्या पायरीवर उभा होतो. एक वळण, दुसरं वळण, काही नाही. घाट संपला आणि पायथ्याच्या मोरीजवळ मोटार दिसली. बॉनेट उघडं होतं. धूर नव्हता. लोक इकडंतिकडं बसलेले होते. मी माणसं मोजली. दहा भरली. पुन्हा मोजली, पुन्हा दहा. मग लांब एका मैलाच्या दगडावर हिरवं लुगडं दिसलं. अनसूया एकटीच तिथं बसली होती, मोटारीकडं पाठ करून.

मी पायरीवरून उतरलो तो रस्त्यावरच बसलो. तिथं तोंडावर हात घेऊन मी रडलो, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

आप्पांना वाटलं, मी मदतीला आलोय. "आलात व्हय मिस्त्री? बरं झालं. ह्या तुमच्या जाळीनं आन् ह्या शहाण्यानं शुभकार्यात आमचा खोळंबा केला बगा."

नागनाथ बाजूला मान खाली घालून उभा होता. त्याच्या हातात जाळी होती, आणि ती तपकिरी चिकटानं पार बुजलेली होती. आप्पांनी त्याला उद्यापासून कामाला येऊ नको म्हणून सांगून टाकलं होतं.

"मिस्त्री, पायथ्याला आलो आन् मोटार बसली," नागनाथ म्हणाला. "जाळी बगितली तर ही असली. म्या ती काढून टाकली. मोटार चालू बी झाली. पर वैनी बसंनात. पाऊण तास झाला, तितं जाऊन बसल्यात. म्हनत्यात, वास येतोय, म्या बसणार न्हाय आन् कुणाला बसू बी देणार न्हाय."

आप्पांची म्हातारी आत्या मोटारीच्या सावलीत बसली होती. आसपास झाड नव्हतं, सावली काय ती मोटारीचीच. तिच्यासमोर तीन दगड मांडलेले होते आणि काटक्या रचलेल्या होत्या. "आन् मला घोटभर च्या बी करू दिला न्हाय तुमच्या बायकूनं," ती म्हणाली. "काडी वढणार तवर हातातली काडेपेटी हिसकून घेतली. मोठ्या मानसाच्या हातातली!"

मी बॉनेटखाली वाकलो. जोडावरचा दोरा ओला होऊन लोंबत होता. त्याच्या टोकाशी थेंब जमायचा, भिंतीच्या पत्र्यावरून ओघळायचा आणि खाली धुराच्या नळीवर पडायचा. नळी आता थंड होती. पत्र्यावरून आलेला एक ओघळ मोटारीखालून त्या तीन दगडांच्या दिशेनं गेला होता. मी टाकीचा कॉक बंद केला आणि सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. माझा आवाज ऐकून आत्याबाईसुद्धा न बोलता उठल्या.

अनसूयापाशी गेलो. काडेपेटी तिच्या कमरेला खोचलेली होती. मी विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

ती माझ्यावर चिडलेलीच होती. "कळायचं काय त्यात? तुमची कापडं कोन धुतं? पेट्रोलचा वास मला रोजचाच हाय, पर त्यो वाळलेला असतो. ह्यो वला व्हता. समदी मला येडी म्हनली. आप्पा सुदिक बोलले. पर म्या म्हनलं, वला वास हाय तवर बसायचं न्हाय." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी का आलाव?"

तिला मी तिथं काही सांगितलं नाही. परत मोटारीकडं आलो. त्या वीस-पंचवीस पावलांत माझ्या मनात जे आलं तेही लिहिलं पाहिजे. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. सगळा ठपका जाळीवर आणि नागनाथावर आलेला होता. हुसेनभाई तेवढे जाणत होते, पण ते लांब ट्रकपाशी बिडी न ओढता नुसती तोंडात धरून उभे होते, आणि ते काही बोलणार नव्हते. मी गुपचूप जोड आवळला असता, सोलापूरच्या पेट्रोलच्या नावानं बोटं मोडली असती, तर सगळे मला देवमाणूस म्हणाले असते. धाराशिवहून धावत आला म्हणून आप्पांनी फेटासुद्धा बांधला असता. नागनाथ मला तसाही आवडत नव्हता.

तो जाळी फडक्यानं पुसत होता. माझ्या जाळीला शिव्या घालणारा माणूस नोकरी गेल्यावरही ती पुसत उभा होता. ते बघून माझ्याच्यानं गप्प राहवेना.

"आप्पा," मी म्हणालो, "नागनाथची चूक न्हाय. ही जाळी व्हती म्हनून तुमी वाचलाव. चूक माझी हाय. ह्या जोडाचे आटे जुळतच नव्हते. म्या चपडा लावून दाबून बसवला. मला ठावं व्हतं त्यो कच्चा हाय. सोलापूरच्या पेट्रोलानं त्यो विरगळला. तुमी घाट चढला असता तर मोटार पेटली असती."

आप्पांनी मोटारीकडं बघितलं, मागच्या बाकड्यावरच्या गाठोड्यांकडं बघितलं. सगळ्यात वर मुलीचा शालू होता.

"पंधरा दिसांवर लगीन हाय, मिस्त्री," एवढंच ते म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग नागनाथाकडं वळले आणि म्हणाले, "म्या मघाशी बोललो ते बोललोच न्हाय असं समज."

नागनाथानं मान हलवली आणि स्वच्छ केलेली जाळी माझ्या हातात दिली.

मी जोड सोडवला. चिकट चपडा खरवडून काढला. आटे तर नव्यानं पाडता येणार नव्हते. मग शिशाचा तुकडा दगडावर ठोकून पातळ केला, त्याचा वायसर कापला आणि जोडाच्या खांद्याखाली बसवून आवळला. शिसं मऊ, आवळलं की फटीत जाऊन बसतं, आणि ते ना पेट्रोलात विरघळतं ना स्पिरिटात. जाळी वाटीत घातली. कॉक उघडला आणि पाव तास नुसता बघत राहिलो. कोरडं. शिशाच्या त्या चकतीला लागला तेवढाच वेळ दोन वर्षांपूर्वी काढला असता, तर ही गोष्ट घडलीच नसती.

"बसा," नागनाथ म्हणाला.

कुणी हललं नाही. आत्याबाईंनी तर पदर खोचला आणि म्हणाल्या, "म्या घाट चालत चढंन. देवीच्या वाटंला चालून कोन मरत न्हाय." दुसऱ्या दोघीही त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या शब्दावर त्यांनी का बसावं? आप्पा माझ्याकडं बघत होते आणि मी जमिनीकडं.

तेव्हा अनसूया मैलाच्या दगडावरून उठली. जी बाई पाऊण तास कुणाचं न ऐकता बसून राहिली होती, ती सगळ्यांच्या मधून चालत आली. दार उघडलं आणि पुढच्या बाकावर, टाकीच्या अगदी मागं, पाय पत्र्याच्या भिंतीला टेकतील अशी जाऊन बसली. काडेपेटी कमरेची काढून तिनं आत्याबाईंच्या हातात दिली.

मग आत्याबाई चढल्या, आणि मग बाकीचे.

मी आत बसलो नाही. बॉनेटची एक बाजू उघडी ठेवून मडगार्डवर बसलो, एका हातानं मोटारीचा पुढचा दिवा घट्ट धरला आणि दुसरा हात कॉकवर ठेवला. हुसेनभाई आपली वाट सोडून, ट्रक वळवून मागून येत राहिले. नागनाथ इतक्या हळू कधी चालवत नसेल. तो सगळा घाट मी जोडाकडं बघत चढलो. आणखी कुठं कुठं मी चपडा लावून ठेवलाय ते आठवत होतो. एक जीप, दोन ट्रक, भूमकडच्या एका पिठाच्या गिरणीचं इंजिन. पुढचे दोन महिने मी ते सगळे जोड शोधत जिल्हाभर हिंडलो, आपल्या पैशानं अमेरिकन हत्यार आणलं, आणि एकेक सोडवून नवा केला. पैकी एक ट्रक सापडलाच नाही. तो कुठं असेल ही रुखरुख अजून आहे.

तुळजापूर आलं. नागनाथानं मोटार कडेला घेतली. माझी बोटं कॉकवर आखडून गेली होती, ती दुसऱ्या हातानं सोडवावी लागली. खिशातून रुमाल काढला, जोड चारी बाजूंनी पुसला आणि बघितला. कोरडाच वाटला. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा उरला नव्हता. मी रुमाल खिडकीतून अनसूयापुढं धरला.

तिनं तो हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटून हुंगला. पुन्हा एकदा हुंगला.

"न्हाय," ती म्हणाली. "आता निस्ता तुमच्या घामाचा वास हाय."